घोडनदी आणि दौंड : दोन मधल्या गांवांचा इतिहास व त्याचीं साधनें

१. विषयाचें प्रयोजन

महाराष्ट्राच्या इतिहासाचें संशोधन करणाऱ्यांनीं आजवर दोन टोंकांकडे विशेष लक्ष दिलें आहे. एका टोंकास राजधानी आणि तिचें दप्तर. दुसऱ्या टोंकास खेडें, त्यांतील पाटील-कुळकर्णी, बलुतेदार आणि वतनें. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं ‘गांवगाडा’ प्रसिद्ध करून खेड्याची घडी वाचकांपुढें उलगडून ठेविली, व पेशवे दप्तराच्या प्रकाशनानें राजधानीचा कारभार बराच उजेडांत आला. या दोहोंच्या मधला जो थर, म्हणजे कसबे, पेठा, बाजाराचीं व ठाण्याचीं गांवें, त्याचा इतिहास मात्र अद्याप तुटक आहे. वास्तविक खेड्यांतील धान्य राजधानीस पोंचतें तें या गांवांतून, आणि राजधानीचा हुकूम, पैसा व नवी चालरीत खेड्यांत उतरते तीही यांच्याच द्वारें.

आपल्या प्राचीन शास्त्रकारांस ही गोष्ट चांगली ठाऊक होती. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणाच्या आरंभीं जनपद कसें वसवावें याचा विचार केला आहे. दहा गांवांमागें संग्रहण, दोनशें गांवांमागें कार्वटिक, चारशें गांवांमागें द्रोणमुख आणि आठशें गांवांच्या मध्यें स्थानीय, अशा पायऱ्या त्यानें सांगितल्या आहेत. राजा व कुणबी यांच्यामध्यें इतक्या पायऱ्या कशासाठीं, असा प्रश्न कोणास पडल्यास त्यानें एखाद्या तालुक्याच्या गांवचा बाजार डोळे उघडे ठेवून पाहावा. हा ग्रंथ शतकानुशतकें केवळ नांवानें व इतरत्र आलेल्या उताऱ्यांवरून माहीत होता. म्हैसूर येथील ग्रंथसंग्रहांत त्याची पोथी आली आणि शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं ती छापून काढली, तेव्हां भारतीय राज्यशास्त्राच्या इतिहासाची मांडणीच बदलली. पोथ्या जमविणाऱ्यांस एका बाडाची किंमत काय असते हें वेगळें सांगणें नको.

प्रस्तुत लेखांत आम्हीं पुणें जिल्ह्यांतील दोन गांवें विचारास घेतलीं आहेत, शिरूर व दौंड. दोन्ही तालुक्याचीं ठिकाणें. एकास रस्त्यानें व छावणीनें वाढविलें, दुसऱ्यास आगगाडीनें. त्यांच्या इतिहासावरून आमच्या मनांत जें अनुमान ठरलें तें येथेंच सांगून टाकितों. मधलें गांव वाटेवर वसतें, परंतु नुसत्या वाटेनें तें वाढत नाहीं. वाटेनें जाणारें जें कांहीं तेथें थांबतें, त्यानें तें वाढतें आणि भोंवतालच्या प्रदेशास वाढवितें. काय थांबलें आणि काय निघून गेलें, हें कळण्याचें साधन मात्र त्या गांवच्याच कागदांत आहे, आणि ते कागद आज वेगानें नाहींसे होत आहेत.

२. नांवांची व हद्दींची ओळख

कागद वाचणाऱ्यांच्या सोयीसाठीं प्रथम नांवांचा खुलासा करणें अवश्य आहे. शिरूर नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत अनेक आहेत. बीड जिल्ह्यांत शिरूर कासार आहे, लातूर जिल्ह्यांत शिरूर अनंतपाळ व शिरूर ताजबंद आहेत. आमचें शिरूर घोड नदीच्या कांठचें असल्यामुळें लोक त्यास घोडनदी म्हणतात, व पुष्कळ ठिकाणीं ‘शिरूर घोडनदी’ असा जोड उल्लेख येतो. इंग्रजी कागदांत तें ‘सिरूर’ या रूपानें आढळतें. दौंडचें इंग्रजी लेखन पूर्वीं ‘धोंड’ असें होत असे. आगगाडीच्या जुन्या कागदांत हेंच रूप येतें, तेव्हां तें दुसरें कोणतें गांव असावें असा तर्क करूं नये.

हद्दींच्या बाबतींतही सावधगिरी हवी. थडी म्हणजे कांठ. भीमथडी म्हणजे भीमेच्या कांठचा मुलूख. येथील तट्टें मराठ्यांच्या फौजांत नांवाजलेलीं होतीं. इंग्रजी अमलांतील भीमथडी तालुक्याचें मुख्य ठाणें बारामतीस होतें व दौंड हा त्यांतील एक पेटा होता. आजचे दौंड व बारामती हे तालुके जुन्या भीमथडींतून झाले. म्हणून ‘तालुके भीमथडी’ असा मजकूर असलेला कागद हातीं आला तर गांवाचें नांव पाहूनच त्याचें स्थान ठरवावें. ज्या सुप्याचा पुढें उल्लेख येणार आहे तें तेव्हां भीमथडींत होतें, आज बारामती तालुक्यांत आहे. तसेंच शिरूरच्या पलीकडील अहमदनगर जिल्ह्याचें नांव २०२४ सालापासून अहिल्यानगर झालें आहे. नव्या सूची करणाऱ्यांनीं दोन्ही नांवें देत जावें.

या दोन गांवांस जोडणारा दुवा पाण्याचा आहे. घोड नदी शिरूरवरून वाहत जाऊन भीमेस मिळते, आणि दौंड त्याच भीमेच्या कांठीं आहे. पाणी एक, परंतु दैव निराळें.

३. शिरूर : छावणी आणि पेठ

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारें ६७ किलोमीटरांवर शिरूर लागतें. पुणें आणि नगर यांच्या जवळजवळ मध्यावर, आणि तेथेंच घोड नदीचा उतार. जनावरांस पाणी पाजून मुक्काम करण्यास याहून सोयीची जागा त्या वाटेवर मिळणें कठीण होतें.

वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२ रोजीं झाला. त्या तहान्वयें इंग्रजांची जी फौज पेशव्यांच्या मुलखांत राहिली, तिची मोठी छावणी शिरूर येथें पडली. येथून पुणें व नगर या दोहोंवर नजर ठेवितां येई. या फौजेचा अधिकारी कर्नल वॉलेस १८०९ सालीं मरण पावला व त्याचें थडगें शिरूर येथेंच बांधण्यांत आलें. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत या थडग्याविषयीं एक चमत्कारिक हकीकत नोंदलेली आहे. आसपासचे लोक वॉलेस यास ‘सत्पुरुष’ मानीत, आणि सुगीच्या वेळीं नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्यावर आणून ठेवीत. ब्राह्मण व मारवाडी तेवढे या पूजेपासून दूर असत. परक्या फौजेचा सरदार गांवच्या देवतांत जाऊन बसावा, यावरून छावणी आणि मुलूख यांचा संबंध किती जवळचा झाला होता याची कल्पना येते.

पुढें ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं कॅप्टन स्टाँटन सुमारें आठशें लोक व दोन तोफा घेऊन पुण्याच्या मदतीस निघाला तो शिरूरहूनच, व १ जानेवारी १८१८ रोजीं भीमेच्या कांठीं कोरेगांव येथें लढाई होऊन तो परतला तोही शिरूरसच. त्या लढाईविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. त्या फौजेचें खाणेंपिणें कोठून येत होतें?

छावणी म्हणजे रोज भरणारें गिऱ्हाईक. घोड्यांस चंदी व गवत, बैलांस कडबा, शिपायांस जोंधळा व डाळ, तोफांच्या गाड्यांस सुतार-लोहार, पगार मोडून देण्यास सराफ. कुणब्याचें पीक वर्षांतून एकदां दोनदां येतें. छावणीची गरज मात्र बाराही महिने चालते. या दोहोंमधील अंतर भरून काढणारा जो मनुष्य, म्हणजे धान्य सांठवणारा वाणी आणि रक्कम पुढें देणारा सावकार, तोच पेठेचा मूळ पुरुष होय. पेशवाईंतही पेठ वसवावयाची तर सरकारांतून व्यापाऱ्यांस कौल मिळे, कांहीं वर्षें जकात व मोहतर्फा यांची सूट मिळे, आणि शेटे-महाजन नेमले जात. शिरूर येथें कौलाचें बरेंचसें काम छावणीनें केलें असें म्हणण्यास हरकत नाहीं.

पुढें छावणी उठली. अनेक छावण्यांचीं गांवें छावणीबरोबर ओस पडतात. शिरूर ओस पडलें नाहीं, कारण तोंवर तेथें बाजार थांबला होता. १८६८ सालीं तेथें नगरपालिका स्थापन झाली. शनिवारच्या बाजारांत गुरें व घोडे यांची मोठी विक्री होत असल्याची नोंद आहे. अमेरिकन मराठी मिशननेंही एकोणिसाव्या शतकांत येथें आपलें ठाणें करून उद्योगशाळा चालविली. फौज गेली, तरी तिच्यासाठीं जमलेली पेठ मागें राहिली.

४. दौंड : आगगाडीचा सांधा

दौंडची कथा याच्या उलट आहे. शिरूरला नदीच्या उताराशीं येऊन मिळालेला रस्ता होता. दौंडला रूळ आले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची आगगाडी १८५८ सालीं पुण्यास आली, त्याच वर्षअखेर ती दौंडवरून पुढें भीमेच्या कांठानें दिकसळपर्यंत गेली, आणि १८६० मध्यें सोलापुरास पोंचली. बोरघाटांतील काम १८६३ सालीं पुरें झाल्यावर मुंबईपासून सोलापूरपर्यंतचा मार्ग सलग झाला. तेव्हांपासून भीमथडीचें धान्य बैलाच्या चालीनें न जातां वाफेच्या चालीनें मुंबईच्या बाजारांत जाऊं लागलें.

तरीही नुसत्या या मार्गानें दौंड मोठें झालें नसतें. एका रुळावरचीं स्टेशनें पुष्कळ असतात. दौंडचें भाग्य फुललें तें १८७८ सालीं, दौंड ते मनमाड हा मार्ग सुरू झाला तेव्हां. दक्षिणेकडून उत्तरेस जाणाऱ्या मालास बोरघाट उतरून कल्याणास जावें आणि तेथून पुन्हा थळघाट चढावा असा वळसा पडत असे. या मार्गानें तो वांचला. १८७६ ते १८७८ हा दुष्काळाचा काळ होता हेंही ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. पुढें १९१४ सालीं बारामतीकडे जाणारा अरुंद मार्ग निघाला, आणि दौंड चार बाजूंचा सांधा झालें.

सांध्याचें वैशिष्ट्य असें कीं तेथें गाडीस थांबावेंच लागतें. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचें तोंड दौंड येथें फिरवावें लागे; इंजिन एका टोंकाचें काढून दुसऱ्या टोंकास लावावें लागे. इंजिनास पाणी, कोळसा, चालकांची पाळी बदलणें, मालाचे डबे तोडणें व जोडणें, या सर्वांस माणसें लागतात. अशा रीतीनें निरनिराळ्या प्रांतांचे, भाषांचे व धर्मांचे नोकर दौंडास येऊन स्थायिक झाले. त्यांस दरमहा रोख पगार मिळे. ज्या तालुक्यांत पैसा सुगीच्या दिवसांत दिसावा आणि एरवीं उधारीवर चालावें, तेथें महिन्याच्या ठराविक तारखेस रोकड वांटली जाऊं लागली, हा बदल लहान नव्हे. किराण्याचें दुकान, शिंप्याचें दुकान, खाणावळ, शाळा, दवाखाना हीं सर्व त्या रोकडीच्या आधारानें उभीं राहतात. पुढें राज्य राखीव पोलीस दलाचे गट येथें आले, तेव्हां त्याच कारणाची पुनरावृत्ति झाली. शिरूरच्या छावणीनें जें केलें तेंच दौंडास आगगाडीनें व पोलिसांच्या ठाण्यानें केलें.

मनमाडचा मार्ग शिरूरास बाजूस टाकून श्रीगोंद्याच्या बाजूनें गेला, व शिरूर आजवर रुळांवांचून राहिलें आहे. यावरून शिरूर मागें पडलें असें एकदम म्हणूं नये. २०११ च्या शिरगणतींत दौंड नगराची वस्ती सुमारें ४९ हजार व शिरूरची सुमारें ३७ हजार भरली. रूळ असलेलें व नसलेलें गांव यांत दीडशें वर्षांनंतर याहून फार मोठें अंतर पडावयास हवें होतें. तें पडलें नाहीं याचें श्रेय जुन्या पेठेस व नगरच्या सडकेस आहे, असें आम्हांस वाटतें.

५. सन १८७५ ची साक्ष

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं बाजार वाढला, गाडी आली, प्रदेशाचें कल्याण झालें. इतिहास इतका सरळ नाहीं, आणि त्याची साक्ष याच दोन तालुक्यांत आहे.

अमेरिकेंतील यादवीच्या वेळीं, १८६१ ते १८६५ या वर्षांत, तेथील कापूस विलायतेस मिळेनासा झाल्यानें इकडील कापसास व धान्यास मोठे भाव आले. आगगाडीच्या कामावर मजुरीही मिळत होती. सावकारानें हात सैल सोडला व कुणब्यानें कर्ज उचललें. युद्ध संपलें, भाव उतरले. त्यांतच तीस वर्षांच्या जमाबंदीची मुदत संपून सारा वाढला. मग पेठेंतील तोच सावकार, ज्यानें बी-बियाणें पुरवून गांव चालविलें होतें, कोर्टांतून हुकूमनामा आणून जमीन घेऊं लागला.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यांतील करडे गांवीं एक देशमुख व एक मारवाडी सावकार यांच्यांत हुकूमनाम्यावरून तंटा झाला, आणि गांवानें सावकारावर बहिष्कार घातला. त्याचें शेत कोणी कसेना, त्याची हजामत कोणी करीना. पुढें १२ मे १८७५ रोजीं सुप्यास बाजारच्या दिवशीं जमलेल्या शेतकऱ्यांनीं सावकारांचीं घरेंदुकानें फोडलीं, व दंगा भीमथडी, शिरूर, इंदापूर आणि नगर जिल्ह्यांतील पारनेर, श्रीगोंदें, कर्जत इकडे पसरला. दंगा बाजारच्या गांवीं, बाजारच्या दिवशीं सुरू झाला हें लक्षांत घ्यावें. पेठ हीच प्रदेशाची गांठ होती. राग तेथेंच येऊन फुटला.

या दंग्याची चौकशी करणाऱ्या कमिशनानें एक गोष्ट स्पष्ट नमूद केली आहे. दंगेखोरांचा रोख मुख्यतः कागदांवर होता. जेथें सावकारानें कर्जरोखे, गहाणखतें व हुकूमनामे मुकाट्यानें काढून दिले, तेथें त्याच्या अंगास फारसा धक्का लागला नाहीं. कागद मात्र चव्हाट्यावर जाळले गेले. याचा परिणाम म्हणून १८७९ सालीं दक्षिणी शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यानें शेतकऱ्याचे दस्त गांवच्या रजिस्ट्रारापुढें लिहिले जावेत, तंटा कोर्टांत जाण्यापूर्वीं समेट करणाऱ्या पंचापुढें यावा, आणि कर्जदारास पावती व हिशेब मिळावा, अशी तजवीज केली.

संशोधकाच्या दृष्टीनें या प्रसंगांत एक विलक्षण विरोध आहे. ज्यांस अक्षर ओळखतां येत नव्हतें त्या कुणब्यांस १८७५ सालीं कागदाचें सामर्थ्य पुरतें कळलें होतें. म्हणूनच त्यांनीं तो जाळला. आम्ही अक्षर वाचणारे मात्र त्या जाळांतून वांचलेला कागद आज रद्दींत जाऊं देत आहोंत.

६. काय शिल्लक आहे, आणि तें कसें वाचावें

हें वाक्य आम्हीं उगाच लिहिलें नाहीं. शिक्षकाच्या नोकरींत असतां एका तालुक्याच्या गांवीं आम्हीं वाण्याच्या दुकानांतून गूळ आणिला, तो जुन्या वहीच्या पानांत बांधलेला होता. पान लांबट, जाड, हातकागदाचें. शिरोभागीं श्री, खालीं मिती व रकमा. आम्ही परत गेलों तोंवर वहीचा पुठ्ठाच शिल्लक होता. त्या दुकानदारास दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्यास ती वाचतां येत नव्हती, आणि जिला वाचणारा कोणी नाहीं ती वही म्हणजे कागदच. दोष आमचा कीं आम्ही एक दिवस उशिरां गेलों, आणि त्या अगोदर कित्येक वर्षें त्याच दुकानावरून जात होतों.

मधल्या गांवांत सांपडणारे कागद मुख्यतः चार प्रकारचे असतात.

पहिला प्रकार पेठेच्या वतनी कागदांचा : कौल, शेटेपणाचे व महाजनकीचे तंटे, बाजारबैठकीचे व जकातीचे हिशेब. हे मोडींत असतात व संग्राहकांचें लक्ष यांकडे सहज जातें.

दुसरा प्रकार व्यापाऱ्यांच्या वह्यांचा. रोजकीर्दींत दररोजचा व्यवहार, खतावणींत प्रत्येक असामीचें खातें. शिरूरसारख्या पेठेंतील वह्या पुष्कळदां गुजराती किंवा महाजनी अक्षरांत व विक्रम संवतांत असतात, आणि नवें वर्ष दिवाळीपासून धरलेलें असतें. मोडी जाणणारा मराठी संशोधक ‘ही आपली लिपि नव्हे’ म्हणून त्या बाजूस सारतो. ही मोठी चूक आहे. कोणत्या गांवचा कुणबी कोणत्या महिन्यांत कशासाठीं कर्ज घेई, बियाण्यासाठीं, बैलासाठीं, लग्नासाठीं कीं साऱ्यासाठीं, आणि फेड रोख करी कीं धान्यानें, हें दुसऱ्या कोणत्याही साधनांत मिळणार नाहीं. खात्यांतील असाम्यांच्या गांवांचीं नांवें नकाशावर मांडलीं म्हणजे त्या पेठेचा पल्ला किती कोसांचा होता तें आपोआप दिसतें. कौटिल्याचें संग्रहण प्रत्यक्षांत किती गांवांचें होतें, हें मोजण्याची ही कांडी आहे.

तिसरा प्रकार १८७९ च्या कायद्यानंतरच्या नोंदलेल्या दस्तांचा व समेटाच्या कागदांचा. यांची एक प्रत कुळाच्या घरीं, पत्र्याच्या पेटींत किंवा देव्हाऱ्यामागें असते. जमिनीचा वाद नाहींसा झाला कीं घरच्यांस ती निरुपयोगी वाटते.

चौथा प्रकार नगरपालिकेच्या व आगगाडीच्या कागदांचा. गांवांत येणाऱ्या मालावर जकात घेतली जात असे, म्हणून नाक्यावरील नोंदवहींत धान्य, तेल, कापड, लांकूड काय आणि किती आलें याची रोजची नोंद राही. महाराष्ट्रांतील नगरपालिकांची जकात १९९९ सालीं बंद झाली; तेव्हांपासून या वह्या कचेरींस अडगळ झाल्या आहेत. इतिहासकारास मात्र त्यांच्या इतकें उत्तम साधन दुर्मिळ. गांवांत काय थांबलें याचा तो साक्षात् जबाब होय.

या चारही प्रकारांस हात लावतांना एक नियम पाळावा अशी विनंति आहे. वही सुटी करूं नये, आणि एका घरचे कागद दुसऱ्या घरच्या कागदांत मिसळूं नयेत. सुंदर शिक्क्याचा एक कागद काढून घेऊन बाकीचें दप्तर सोडून देणें, हें मूर्तीचा हात तोडून नेण्यासारखें आहे. दप्तर ज्या क्रमानें बांधलें असेल तो क्रमही एक पुरावाच आहे.

७. उपसंहार

आज या दोन्ही तालुक्यांचें रूप पुन्हा बदलत आहे. शिरूर तालुक्यांत रांजणगांव गणपतीजवळ आणि दौंड तालुक्यांत कुरकुंभ येथें मोठ्या औद्योगिक वसाहती झाल्या आहेत. दौंड येथें इंजिन फिरविण्याचा खोळंबा टाळण्यासाठीं जोडमार्ग घालून निराळें स्टेशन केलें आहे, त्यामुळें कित्येक गाड्या आतां गांवाच्या मुख्य स्टेशनांत न येतां परभारें निघून जातात. प्रवाशास ही सोय आहे. परंतु ज्या थांबण्यावर गांव वाढलें तें थांबणें कमी झालें म्हणजे गांवाचें काय होतें, हा प्रश्न शिरूरास छावणी उठली तेव्हांही पडला होता. त्या वेळीं शिरूरनें त्यास पेठेनें उत्तर दिलें. दौंड कशानें देईल तें पुढील पिढी पाहील.

प्रदेशाच्या वाढीच्या योजना करणारे लोक मोठ्या शहरांकडे पाहतात, आणि मधल्या गांवांस केवळ वाटेवरचा मुक्काम समजतात. त्यांस उत्तर द्यावयाचें तर तें मतानें देतां येणार नाहीं, कागदानेंच द्यावें लागेल. म्हणून आमच्या वाचकांपैकीं ज्यांचे आप्त शिरूर, दौंड, बारामती, पाटस अशा गांवीं असतील, त्यांनीं येत्या दिवाळींत घरच्या वहीपूजनाच्या वेळीं एवढें विचारावें कीं जुन्या वह्या कोठें आहेत. माळ्यावर असतील तर त्या कोरड्या जागीं हलवाव्यात, वरती घराचें व गांवाचें नांव आणि पहिल्या व शेवटल्या पानाची मिती लिहून चिठ्ठी बांधावी, आणि मंडळास कळवावें. वाचणारा आज मिळाला नाहीं तरी उद्यां मिळेल. वहीच गेली तर उद्यांच्या वाचणाऱ्याचा उपयोग नाहीं.